लक्ष्मीबाई टिळक

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ साली नाशिकजवळील जलालपूर येथे झाला. माहेरी सोवळेओवळे फार कडक. लहानपणीच नारायण वामन टिळकांशी त्यांचा विवाह झाला. १८९५ साली टिळकांनी मुंबईस ख्रिस्ती धर्म स्वीकारला. पदरी लहान मूल आणि पती परधर्मात! काही वर्षे बाईंनी नातलगांच्या आधाराने काढली. पुढे त्या नगरास पतीजवळ आल्या, त्या स्वतःचे सोवळे सांभाळूनच. जातिभेद देवाने केला की माणसाने, ह्याचा निवाडा त्यांनी आपल्या मनाशीच केला. तो होताच त्या कोणाच्याही हातचे पाणी पिऊ लागल्या व १९०० साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

पुढे दुष्काळातली पोरकी मुले त्यांच्या घरी वाढली. टिळकांनी मराठी वळणाची भजने रचून ती ख्रिस्ती उपासनेत आणली. बाईंनी कीर्तने केली. १९१९ साली टिळक वारले. त्यांचे अपुरे ‘ख्रिस्तायन’ बाईंनी पुढे नेले. १९३४ पासून ‘स्मृतिचित्रे’ प्रसिद्ध होऊ लागली आणि १९३६ साली बाई निवर्तल्या.

आपल्या असोद्याच्या बहिणाबाई चौधरींप्रमाणे ह्यांनीही शाळा पाहिली नव्हती. अक्षरओळख झाली ती लग्नानंतर. तरी धर्मासारखी गोष्ट त्यांनी पतीच्या शब्दावर न घेता स्वतः पारखून घेतली. आपल्या मंडळात नाना घरच्या भगिनी एका माठातले पाणी पितात. त्या वेळी ह्या माउलीची आठवण अवश्य व्हावी.