दूरस्थांचा दुवा : डॉ. विक्रम साराभाई

डॉ. विक्रम साराभाई यांचे नाव उच्चारताच डोळ्यांपुढे अग्निबाण उभा राहतो. परंतु रस्ता, तार आणि मनोरा जेथे पोहोचत नाही तेथील माणसापर्यंत ज्ञान कसे न्यावे, हा त्यांच्या उत्तरायुष्याचा खरा ध्यास होता.

१२ ऑगस्ट १९१९ रोजी अहमदाबादेत अंबालाल व सरलादेवी यांच्या पोटी त्यांचा जन्म झाला. घर गिरणीमालकाचे, कशाची ददात नव्हती. शिक्षणासाठी ते केंब्रिजला गेले. पण महायुद्धामुळे परतावे लागले. तेव्हा बंगलोरला सर चंद्रशेखर वेंकट रामन यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी विश्वकिरणांचा अभ्यास आरंभिला. १९४७ साली केंब्रिजची डॉक्टरेट मिळवून त्यांनी त्याच वर्षी अहमदाबादेत भौतिकी संशोधन प्रयोगशाळा स्थापन केली.

१९६२ साली अंतराळ संशोधनाची राष्ट्रीय समिती स्थापन झाली. साराभाई तिचे अध्यक्ष, तर कोल्हापूरचे एकनाथ चिटणीस हे त्यांचे निकटचे सहकारी. २१ नोव्हेंबर १९६३ रोजी केरळातील थुंबा या कोळ्यांच्या गावातून पहिला अग्निबाण उडाला. १९६९ साली ‘इस्रो’ची स्थापना झाली.

ज्या देशात पोटाला पुरेसे अन्न नाही, त्याने आकाशाकडे कशाला पाहावे, असा आक्षेप तेव्हा घेतला जाई. चंद्राच्या शर्यतीत धावण्याची साराभाईंना हौस नव्हती. मनोरे उभारीत शहराकडून खेड्याकडे गेल्यास दूरदर्शन पोहोचण्यास कित्येक वर्षे लागतील. उपग्रह मात्र शहर आणि खेडे यांना एकाच वेळी गाठील, हे त्यांचे साधे गणित होते. या विचारातूनच १८ सप्टेंबर १९६९ रोजी अमेरिकेच्या ‘नासा’शी करार झाला आणि ए.टी.एस.-६ हा उपग्रह एक वर्षासाठी भारताला मिळावयाचे ठरले.

या उपग्रहाची कथा मोठी उद्बोधक आहे. पृथ्वीजवळून फिरणारे यान एका भू-केंद्रावरून काही मिनिटेच दिसते, मग क्षितिजाआड जाते आणि संपर्क तुटतो. सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरच्या उपग्रहाला मात्र तेच यान निम्म्याहून अधिक प्रदक्षिणेत दिसू शकते. तो यानाचा संदेश झेलतो आणि पृथ्वीकडे धाडतो. ए.टी.एस.-६ च्या नऊ मीटर व्यासाच्या, छत्रीसारख्या उघडणाऱ्या अँटेनामुळे क्षीण संदेशही टिपता येत. जुलै १९७५ मध्ये अमेरिकेचे अपोलो व रशियाचे सोयूझ अंतराळात एकमेकांस जोडले गेले, तेव्हा या उपग्रहाने निरोप्याचे काम केले. लगेच १ ऑगस्टपासून तोच उपग्रह भारतातील सुमारे २४०० खेड्यांना शेती, आरोग्य व शिक्षणाचे कार्यक्रम दाखवू लागला. अँटेना आकाशातच मोठा असल्याने खेड्यात जाळीचा स्वस्त, लहान अँटेना पुरला. अंतराळवीर असो वा खेडूत, दोघेही मनोऱ्याच्या टप्प्याबाहेरचे. दोघांचाही दुवा एकच!

हे पाहण्यास साराभाई नव्हते. ३० डिसेंबर १९७१ रोजी, वयाच्या अवघ्या बावन्नाव्या वर्षी, कोवलम येथे त्यांचे निधन झाले. पुणे जिल्ह्यातील आर्वीच्या उपग्रह भू-केंद्राला ‘विक्रम’ हे नाव देण्यात आले. चिटणीसांनी खेड्यांचा तो प्रयोग तडीस नेला.

त्या प्रयोगातील सहा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. आपल्या बुलढाणा जिल्ह्याच्या वाट्याला तो आलाच नाही. १९८३ साली इन्सॅट-१बी अवकाशात गेला आणि पुढे दूरदर्शनचे जाळे देशभर पसरले. आज अंतराळवीरांशी अखंड संपर्क राहावा म्हणून इस्रोने स्वतःच्या दुवा-उपग्रहांची योजना आखली आहे. बीबीतल्या घरांवरही आकाशाकडे तोंड केलेल्या छत्र्या आहेत. त्यांतून करमणूक तर भरपूर येते. साराभाईंना अभिप्रेत असलेले ज्ञान किती येते, आणि आलेले आपण किती घेतो, याचा विचार आपण विद्यार्थ्यांनी करावयास हवा.