आधी स्वतःला टोचून घेणारा माणूस

तुमच्यापैकी कुणी नर्सिंगला असेल किंवा वाशिमला 2024 मध्ये सुरू झालेल्या शासकीय मेडिकल कॉलेजात असेल, तर वॉर्डात जाण्याआधी एक प्रश्न ठरलेला असतो : हेपॅटायटिस-बीची लस घेतली का? मग होस्टेलवर वाद रंगतो. शरीर माझं, मग सक्ती कशाला? आणि पेशंटला माझ्यामुळे काही झालं तर?

हा वाद सव्वाशे वर्षं जुना आहे, आणि त्याच्या मधोमध उभा आहे वाल्डेमार हाफकिन. परळच्या हाफकिन संस्थेमुळे नाव ओळखीचं, पण माणूस आपल्याला फारसा माहीत नसतो.

जन्म 1860 चा, ओडेसा शहरात, ज्यू कुटुंबात. गंमत म्हणजे तो डॉक्टर नव्हताच, प्राणिशास्त्र शिकलेला होता. पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये सुरुवातीला त्याला ग्रंथालयात काम मिळालं. तिथेच त्याने कॉलऱ्याची लस बनवली आणि 1892 मध्ये पहिल्यांदा टोचली ती स्वतःला. पुढच्या वर्षी तो भारतात आला. कलकत्त्याच्या वस्त्यांमध्ये लोक बिचकायचे. तेव्हा भारतीय डॉक्टरांना सोबत घेऊन तो जायचा आणि लोकांसमोर आधी स्वतः टोचून घ्यायचा.

1896 मध्ये मुंबईत प्लेग आला. हाफकिनला ग्रँट मेडिकल कॉलेजात छोटीशी जागा आणि मोजकी माणसं मिळाली. तीनेक महिन्यांत लस तयार झाली. 10 जानेवारी 1897 ला त्याने ती स्वतःला टोचून घेतली, तीही नंतर लोकांना दिलेल्या डोसपेक्षा कितीतरी जास्त. तापाने फणफणला, पण वाचला. मग भायखळ्याच्या तुरुंगातले कैदी स्वतःहून पुढे आले. टोचून घेतलेल्यांमध्ये प्लेगचं प्रमाण इतरांपेक्षा बरंच कमी निघालं.

आता त्याच वर्षीचं पुणं आठवा. साथरोग कायदा आला, सैनिक घराघरांत घुसून झडत्या घेऊ लागले, लोक संतापले, आणि 22 जून 1897 ला चाफेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. त्याच साथीत रुग्णांची सेवा करताना प्लेग होऊन सावित्रीबाई फुले गेल्या, 10 मार्चला. म्हणजे रोग सगळीकडे तोच होता. सक्तीने लोक दूर पळाले, स्वतःवर प्रयोग करणाऱ्यापुढे काही जण तरी उभे राहिले.

पण विश्वास कमवायला वर्षं लागतात, जायला एक बाटली पुरते. 1902 मध्ये पंजाबातल्या मुलकोवाल गावात लस घेतलेल्यांपैकी 19 जण धनुर्वाताने दगावले. सगळ्यांची लस एकाच बाटलीतली होती. ठपका हाफकिनवर आला आणि त्याचं पद गेलं. तो वर्षानुवर्षं स्वतःची बाजू मांडत राहिला. मलेरिया डासांमुळे पसरतो हे शोधून काढणारे रोनाल्ड रॉस त्याच्यासाठी उभे राहिले. दोष प्रयोगशाळेतल्या लसीचा नसून गावात बाटली उघडताना झालेल्या हलगर्जीचा असावा, हे पुढे आलं आणि 1907 मध्ये तो निर्दोष ठरला. तो पुन्हा भारतात कामाला आला, पण ते पूर्वीचे दिवस परत आले नाहीत. 1925 मध्ये परळच्या प्रयोगशाळेला त्याचं नाव मिळालं. 1930 मध्ये तो स्वित्झर्लंडमध्ये वारला.

16 जानेवारी 2021 ला कोविडची लस आली तेव्हा पहिला नंबर आरोग्य कर्मचाऱ्यांचा होता आणि ती ऐच्छिक होती. 2 मे 2022 ला सर्वोच्च न्यायालयानेही सांगितलं, की कुणावर लस घेण्याची जबरदस्ती करता येणार नाही. मात्र सार्वजनिक आरोग्यासाठी सरकार वाजवी बंधनं घालू शकतं.

म्हणजे नाही म्हणायचा हक्क तुम्हाला आहे. पण उद्या रिसोड नाहीतर मानोऱ्याच्या एखाद्या गावात तुम्ही लसीची पेटी घेऊन जाल, तेव्हा दारातली आजी हमखास विचारेल, बाई, तू घेतली का? हाफकिनकडे या प्रश्नाचं उत्तर तयार होतं. तुमच्याकडे आहे का, एवढं बघा. आणि बाटली उघडताना हात स्वच्छ आहेत ना, तेही.