पायडलवरची हाक

१९१७ सालचा ऑगस्ट महिना. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या हॉल्स क्रीक या लहानशा गावात जिमी डार्सी नावाच्या तरुण गुराख्याला गाडीत घालून आणले गेले. घोड्यावरून पडल्याने त्याचे मूत्राशय फाटले होते. गावात डॉक्टर नव्हता. होते ते पोस्टमास्तर टकेट. प्रथमोपचाराचे थोडेफार शिक्षण आणि तारेचे यंत्र एवढेच त्यांच्याजवळ होते. दोन हजारांहून अधिक किलोमीटर दूर पर्थ शहरात त्यांना प्रथमोपचार शिकवणारे डॉ. हॉलंड राहत होते. डॉक्टरांनी तारेवरून मोर्सच्या कडकट्ट भाषेत एकेक पायरी सांगितली आणि पोस्टमास्तरांनी खिशातल्या चाकूने शस्त्रक्रिया केली. भूल द्यायला काही नव्हते.

शस्त्रक्रिया जमली. मग डॉ. हॉलंड स्वतः निघाले. आधी गुरांची ने-आण करणारे जहाज, मग मोटार, अखेरचा टप्पा मिळेल त्या साधनाने. गावात पोहोचायला त्यांना दोन आठवड्यांच्या आसपास लागले. पोहोचले तेव्हा डार्सी आदल्या दिवशीच गेला होता. त्याला मलेरियाही होता, हे कोणाच्या लक्षात आले नव्हते. फाटलेले मूत्राशय तारेवरून शिवता आले. पण तापलेल्या अंगाला हात लावून निदान करणारा माणूस वेळेत पोहोचू शकला नाही.

ही बातमी ऑस्ट्रेलियाभर गाजली. त्यातून दोन प्रश्न पुढे आले. डॉक्टर लवकर कसा पोहोचेल? आणि त्याला बोलावणे कसे जाईल? पहिल्याचे उत्तर विमान हे होते, आणि ते पुढे मिळालेही. दुसरा प्रश्न अधिक अवघड निघाला. हॉल्स क्रीकला निदान तार तरी होती. तिथून शे-दोनशे किलोमीटर आत, गुरांच्या अफाट मळ्यांवर राहणाऱ्या कुटुंबांकडे तीही नव्हती. हा दुसरा प्रश्न सोडवला आल्फ्रेड ट्रेगर या ॲडलेडच्या हौशी रेडिओवाल्याने.

ट्रेगर यांचा जन्म २ ऑगस्ट १८९५ रोजी व्हिक्टोरिया प्रांतातल्या ग्लेनली या खेड्यात शेतकरी कुटुंबात झाला. आजी-आजोबा जर्मनीहून येऊन स्थायिक झालेले. पुढे कुटुंब दक्षिण ऑस्ट्रेलियात बालाक्लावाजवळ शेती करू लागले. बारा वर्षांच्या आल्फ्रेडने हाताशी मिळेल त्या सामानातून टेलिफोन तयार केला आणि अवजारांची खोली व घर यांच्यामध्ये बोलणे सुरू केले. पुढे ॲडलेडच्या तंत्रशिक्षण संस्थेत यंत्र आणि वीज या विषयांची पदविका घेऊन त्यांनी आधी ट्राम कंपनीत आणि मग टपाल-तार खात्यात नोकरी केली. पहिल्या महायुद्धात त्यांना सैन्यात जायचे होते, पण जर्मन मूळ आडवे आले. ज्या देशाने त्यांच्यावर भरवसा ठेवला नाही, त्याच देशाच्या निर्मनुष्य भागाला पुढे त्यांनी आवाज दिला.

१९२० च्या दशकात जगभर हौशी रेडिओचे वेड पसरले होते. ॲडलेडही त्याला अपवाद नव्हते. ही मंडळी सरकारी परवाना घेऊन घरच्या टेबलावर ट्रान्समीटर बांधत, रात्री जागून दूरदूरचे संदेश टिपत आणि एकत्र जमली की कोणाचा व्हॉल्व्ह का जळला, कोणाची तार किती उंच हवी, कमी विजेत अधिक लांब कसे जाता येईल यावर काथ्याकूट करत. या छंदातून पैसा मिळत नसे. पण दुरुस्ती, काटकसर आणि चिकाटी यांची सवय लागे. ट्रेगर यांनीही हौशी रेडिओचा परवाना घेतला. दिवसा ते मोटारी आणि जनित्रे यांची कामे करणाऱ्या कंपनीत असत. मितभाषी आणि हातचे काम चोख असा त्यांचा लौकिक होता.

जॉन फ्लिन हे प्रेस्बिटेरियन पंथाचे धर्मोपदेशक याच शहरात बिनतारी यंत्राच्या शोधात येत असत. १९१२ पासून ते देशाच्या अंतर्भागात लहान रुग्णालये उभारत होते. परिचारिका मिळत होत्या, पण आजाऱ्याची बातमी त्यांच्यापर्यंत पोहोचत नव्हती. हॅरी कॉपर या ॲडलेडच्या जाणत्या रेडिओतज्ज्ञाच्या मदतीने फ्लिन यांनी सुरुवातीचे प्रयोग केले. मग त्यांनी ट्रेगर यांच्याकडून एक जनित्र घेतले आणि पाठोपाठ त्या माणसालाच सोबत नेले.

१९२६ साली दोघे मध्य ऑस्ट्रेलियात ॲलिस स्प्रिंग्जला पोहोचले. तिथे तळ ठेवला आणि पश्चिमेला सव्वाशे किलोमीटरवरच्या हरमान्सबर्ग मिशनमध्ये दुसरे यंत्र बसवले. संदेश गेला, आला. प्रयोग यशस्वी झाला, पण उपयोगाचा ठरला नाही. कारण ट्रान्समीटर जड बॅटऱ्यांवर चालत होता. त्या एकदा उतरल्या की ओसाड मुलखात पुन्हा भरायच्या कशा? नवीन आणायच्या तर उंटावरून किंवा खडखडत्या ट्रकमधून. ट्रेगर ॲडलेडला परतले ते हाच प्रश्न घेऊन.

इथे थोडे विज्ञान समजून घ्यायला हवे. लघुलहरी जमिनीलगत फार लांब जात नाहीत, पण वर शंभर ते तीनशे किलोमीटर उंचीवर असलेल्या वातावरणाच्या विद्युतभारित थरावर आपटून त्या पुन्हा खाली येतात. त्यामुळे योग्य लहर निवडली तर थोड्याशा विजेतही शेकडो किलोमीटर मजल मारता येते. हौशी रेडिओवाल्यांना हे अनुभवाने ठाऊक होते. म्हणजे प्रचंड वीज नको होती. थोडी, पण हवी तेव्हा मिळणारी आणि एकसारखी वीज हवी होती.

ट्रेगर यांनी आधी हाताने फिरवायचे जनित्र करून पाहिले. त्यात अडचण अशी की एकाने दांडा फिरवायचा आणि दुसऱ्याने मोर्सची कळ दाबायची. एकट्याला दोन्ही जमत नव्हते. शिवाय हाताचे स्नायू लवकर थकतात, वेग कमी-जास्त होतो आणि संदेश डगमगतो. मग त्यांनी सायकलचे पायडल जोडले. मांडीचे स्नायू शरीरातले सर्वांत मोठे. साधारण प्रकृतीचा माणूस पायांनी पन्नास-पाऊणशे वॅट शक्ती बराच वेळ देऊ शकतो. ट्रेगर यांच्या जनित्राला ३०० व्होल्ट दाबाने सुमारे २० वॅट वीज काढायची होती. म्हणजे दम न लागता, खुर्चीवर बसून, दोन्ही हात मोकळे ठेवून. गती एकसारखी राहावी म्हणून आत जड चाक बसवले, दातेरी चाके लोखंडी पेटीत बंद केली आणि फक्त पायडले बाहेर ठेवली. ट्रान्समीटरची लहर भरकटू नये म्हणून त्यात क्वार्ट्झचा स्फटिक घातला. बोलणे आणि ऐकणे यांसाठी एकच बटण. यंत्र लाकडी पेटीत मावे आणि त्याची मजल सुमारे पाचशे किलोमीटर असे.

त्यातले एकही तत्त्व नवे नव्हते. सायकल, जनित्र, स्फटिक सगळे आधीपासून होते. नवे होते ते वापरणाऱ्या माणसाचा विचार करून त्यांना एकत्र आणणे.

१५ मे १९२८ रोजी क्वीन्सलंडमधल्या क्लॉनकरी गावात फ्लिन यांची विमानी वैद्यकीय सेवा सुरू झाली आणि दोन दिवसांनी डॉ. वेल्च यांना घेऊन पहिले विमान उडाले. पहिल्या वर्षात ५० उड्डाणे झाली आणि २२५ रुग्णांवर उपचार झाले. पण विमान सज्ज असूनही बोलावणे येण्याची वाट पाहावी लागे, ती स्थिती १९२९ मध्ये बदलली. त्या वर्षी जूनमध्ये ऑगस्टस डाउन्स या गुरांच्या मळ्यावर ट्रेगर यांनी पहिले पायडल यंत्र बसवले आणि तिथून क्लॉनकरीला संदेश गेला. मग एकेका मळ्यावर ते स्वतः यंत्र घेऊन जात, तार उभारत, घरच्यांना मोर्स शिकवत आणि पुढच्या वाटेला लागत.

शिकणाऱ्या बहुतेक बायका होत्या. पुरुष गुरे हाकायला आठवडेच्या आठवडे बाहेर असत. घरात तापाने फणफणलेले मूल आणि ठिपके-रेघांची लिपी नीट न येणारी आई, अशा वेळी हात थरथरणारच. हे पाहून ट्रेगर यांनी टाइपरायटरसारखा कळफलक तयार केला. अक्षराची कळ दाबली की त्याचा मोर्स संकेत आपोआप जाई. १९३० च्या दशकाच्या मध्यापासून यंत्रातून प्रत्यक्ष आवाज जाऊ लागला आणि मोर्सची गरजच उरली नाही.

आवाज पोहोचू लागला आणि वैद्यकीय सल्ल्याचे रूप बदलले. डॉक्टर प्रश्न विचारू लागले, उत्तर कसे येते त्यावरून घाबरलेपण ओळखू लागले. तरी एक अडचण होती. खरखरीतून ऐकणाऱ्या डॉक्टरला ‘पोटात दुखतंय’ एवढ्याने काय कळणार? बेंबीभोवती, उजवीकडे खाली की बरगडीखाली, यावर अपेंडिक्स की पित्ताशय हे ठरते. यासाठी पुढे मानवी शरीराचा आकडे घातलेला तक्ता मळ्यामळ्यावर दिला गेला. दुखणाऱ्या जागेचा आकडा सांगायचा. औषधांच्या पेटीतल्या बाटल्यांनाही आकडे होते. औषधाचे लांबलचक नाव चुकीचे ऐकू येऊ शकते; आकडा सहसा चुकत नाही. नऊ नंबरचे औषध संपले म्हणून कोणी पाच आणि चार नंबरची औषधे मिसळून दिली, असा एक किस्सा मात्र तिकडे चवीने सांगितला जातो. खरा असो वा नसो, त्यातला धडा खरा आहे. दूरवरून दिलेला सल्ला समोरच्याला नेमका काय कळला, हे विचारून घेतल्याशिवाय पुरा होत नाही.

आणखी एक परिणाम कोणी योजलेला नव्हता. वैद्यकीय कामाच्या वेळा संपल्या की मळ्यांवरच्या बायका त्याच लहरीवर एकमेकींशी बोलू लागल्या. तिकडच्या कलकलाट करणाऱ्या गलाह नावाच्या पोपटावरून या गप्पांना थट्टेने नाव पडले. पण महिनोन्महिने दुसऱ्या बाईचे तोंड न पाहणाऱ्या त्या आयांसाठी हे औषधच होते. एकटेपणा मनाला आणि शरीराला किती पोखरतो, हे वैद्यकशास्त्र आज मोजून सांगते. त्या बायकांनी त्यावरचा उपाय पायडल मारून शोधला होता.

१९५१ च्या मे महिन्यात फ्लिन यांचे निधन झाले. पुढच्याच महिन्यात ॲलिस स्प्रिंग्जमधल्या विमानी डॉक्टर सेवेच्या रेडिओवरून दूरदूरच्या मुलांसाठी आकाशशाळा रीतसर सुरू झाली. ट्रेगर यांना १९४४ मध्येच ब्रिटिश राजसत्तेचा ओबीई हा सन्मान मिळाला होता, पण ते कार्यशाळेतच रमलेले राहिले. ३१ जुलै १९८० रोजी ॲडलेडमध्ये त्यांचे निधन झाले. तोवर पायडलची जागा इतर साधनांनी कधीच घेतली होती. ऑस्ट्रेलियाच्या वीस डॉलरच्या नोटेवर फ्लिन यांच्या चित्रासोबत ते विमान, तो आकड्यांचा शरीरतक्ता आणि पायडल रेडिओही आहे. क्वीन्सलंडमधल्या ज्या विधानसभा मतदारसंघात क्लॉनकरी येते, त्याला २०१७ पासून ट्रेगर यांचेच नाव आहे.

आपल्याकडे आता उपकेंद्रातली आरोग्यसेविका रुग्णाला समोर बसवून शहरातल्या डॉक्टरांशी पडद्यावर बोलते. यंत्रे कितीतरी पुढे गेली. प्रश्न मात्र जुनाच आहे. पावसाळ्यात वीज गेली, मोबाइलचा मनोरा बंद पडला, तर त्या पाड्यावरची हाक कशी पोहोचणार? रुग्णवाहिका किती, खाटा किती, हे आपण मोजतो. हाक पोहोचण्याची सोय मोजायला विसरतो. शेवटच्या घरात वीज नाही हे गृहीत धरून ट्रेगर यांनी कामाला सुरुवात केली होती. त्यांचे यंत्र त्यामुळेच त्या घरात चालले.