अण्णा भाऊ साठे : लेखणीची कमाई

साहित्यरत्न अण्णा भाऊ साठे यांचा जन्म १ ऑगस्ट १९२० रोजी वाटेगाव (ता. वाळवा) येथे मातंग कुटुंबात झाला. त्यांची शाळा दीड दिवसाची, असे सांगितले जाते. वडिलांसमवेत ते पायी मुंबईस आले. महाड-पोलादपुरातील आपल्या कितीतरी घरांनी पोटासाठी हीच मुंबई गाठली. म्हणून ती पायपीट आम्हांस परकी वाटत नाही.

गिरणीत राबत ते स्वप्रयत्नाने साक्षर झाले. १९४४ मध्ये अमर शेख व द. ना. गवाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभारले. १९५८ च्या दलित साहित्य संमेलनाचे उद्घाटक तेच होते. पुढल्याच वर्षी आलेली ‘फकिरा’ त्यांनी बाबासाहेबांच्या लेखणीस अर्पण केली आणि १९६१ मध्ये तिला राज्य शासनाचा पुरस्कार लाभला. त्याच वर्षीच्या रशियाभेटीवर त्यांनी प्रवासवर्णन लिहिले. तीसहून अधिक कादंबऱ्या, त्यांतील काहींवर चित्रपट, परभाषांत अनुवाद!

मग संपत्ती किती? घाटकोपरच्या चिरागनगरातील झोपडी हाच त्यांचा दीर्घकाळचा वाडा. पुस्तके खपत होती, आवृत्त्या निघत होत्या. लेखकाच्या घरी मात्र ददात. ही गोष्ट आम्हांस आजही बोचते. १८ जुलै १९६९ रोजी गोरेगाव येथे, पन्नाशीही न गाठता, विपन्नावस्थेत त्यांचे निधन झाले.

आमच्या वसतिगृहाच्या ग्रंथालयातील ‘फकिरा’ची प्रत वारंवार नव्याने बांधून घ्यावी लागते.