दोन बाप्तिस्मे, एक संसार

पुण्याहून नगरात शिरताना आधी केडगाव लागते. एस. टी. तिथवर आली, की मला लक्ष्मीबाई टिळक आठवतात. १० फेब्रुवारी १८९५ रोजी रेव्हरंड टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि बाईंवर आकाशच कोसळले. लहानग्या दत्तूला घेऊन त्या नातलगांच्या आश्रयाने पंढरपुरात राहिल्या. काही वर्षांचा तो विरह! बँकेत जन्मभर हिशेब जुळवले. हा मात्र जुळत नाही.

पुढे त्या पतीकडे नगरला आल्या, पण सोवळे सांभाळूनच. टिळकांनी सक्ती केली नाही. विचार करता करता बाईंची शिवाशिव आपोआप गळाली आणि १९०० साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. पहिल्या बाप्तिस्म्याची जखम दुसऱ्याने भरली. ‘स्मृतिचित्रे’ लिहिताना त्या कडू दिवसांना त्या चक्क हसल्या आहेत.