चंद्रावर जायचं राहून गेलं, पण या माणसाने वाळूच्या कणात उल्कापाताचा पुरावा शोधला

अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या वाळवंटात एक भलामोठा खड्डा आहे. जवळपास सव्वा किलोमीटर रुंद आणि १७० मीटर खोल. हा कशाने पडला यावर कितीतरी वर्षं भांडण सुरू होतं. १८९१ साली सरकारी भूशास्त्रज्ञ गिल्बर्ट यांनी पाहणी केली आणि जमिनीतल्या वाफेच्या स्फोटाने पडला असं सांगून टाकलं. पुढे बॅरिंजर नावाच्या खाणमालकाने उल्केचं लोखंड मिळेल म्हणून इथं पाण्यासारखा पैसा ओतला. घबाड काही लागलं नाही.

हे भांडण मिटवलं यूजीन शूमेकर यांनी.

१९२८ साली लॉस एंजेलिसमध्ये जन्मलेले शूमेकर विशीत सरकारी नोकरीत युरेनियम शोधत फिरायचे. डोक्यात मात्र चंद्र. माणूस चंद्रावर जाणार, तिथं दगड ओळखणारा लागणार आणि तो आपणच असायचं, हे त्यांचं ठरलेलं.

नेवाडात अणुचाचणीने पडलेला खड्डा त्यांनी पाहिला. त्याच्या काठावरचे थर गादी उलटावी तसे पालथे पडलेले. ॲरिझोनातही तसंच. पण पक्का पुरावा मिळाला १९६० साली, एडवर्ड चाओ आणि बेथ मॅडसन यांच्यासोबत.

झालं असं की, तिथला वालुकाश्म क्वार्ट्झचा, म्हणजे आपल्या गारगोटीचा. उल्का आदळली की धक्क्याची लाट क्षणात दगडातून जाते. कणाच्या आतली रचनाच मोडते. मायक्रोस्कोपखाली कणात एकमेकींना समांतर बारीक रेषा दिसतात. काही क्वार्ट्झचं तर कोएसाइट होतं. त्याला हवेच्या दाबाच्या वीस हजार पटींहून जास्त दाब लागतो. जमिनीजवळच्या वाफेच्या स्फोटात एवढा दम नसतो. तोवर फक्त प्रयोगशाळेत बनलेलं हे खनिज या खड्ड्यात सापडलं आणि वाद संपला.

आपल्या बुलढाण्यातलं लोणारही असंच सिद्ध झालं. तिथला खडक बेसाल्ट, त्यामुळे क्वार्ट्झऐवजी साक्ष दिली फेल्डस्पारने. धक्क्याने त्याचे स्फटिक न वितळताच काचेसारखे झालेले १९७३ साली संशोधकांनी दाखवून दिले.

इकडे शूमेकर यांचं स्वप्न मोडलं होतं. ॲडिसन नावाच्या आजारामुळे अंतराळवीर होता येईना. मग त्यांनी अपोलोच्या अंतराळवीरांना त्याच खड्ड्यात नेऊन दगड वाचायला शिकवलं. १९९३ साली पत्नी कॅरोलिन आणि डेव्हिड लेव्ही यांच्यासोबत त्यांनी एक धूमकेतू शोधला. पुढच्याच वर्षी तो गुरूवर आदळला आणि सगळ्या जगाने ते पाहिलं.

१९९७ साली ऑस्ट्रेलियात विवरं शोधत फिरताना गाडीच्या अपघातात ते गेले.

त्यांच्या अस्थींचा थोडा अंश नासाच्या लुनार प्रॉस्पेक्टर यानातून पाठवण्यात आला. ३१ जुलै १९९९ ला ते यान चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ मुद्दाम आदळवलं गेलं. ज्याला आजाराने चंद्रावर जाऊ दिलं नाही, तो माणूस अखेर तिथं पोहोचला, तोही एका आदळण्यातूनच.