भिंतीवर बसलेला मुलगा

पेशावरला ब्रिटिश अधिकाऱ्यांचा क्लब होता. तिथली स्क्वॉशची कोर्टं विटांची आणि वरून उघडी. साहेबाचा फटका जरा वर गेला की चेंडू भिंतीपलीकडे जाई आणि भिंतीवर बसलेला मुलगा तो आणायला धावे. उन्हाच्या काहिलीनं साहेब लोक घरी परतले, की तोच मुलगा रिकाम्या कोर्टात उतरे. पायात काही नाही, समोर कुणी नाही. हाशिम विरुद्ध हाशिम असा सामना रंगे.

हाशिम खानचा जन्म पेशावरजवळच्या नवाकिल्ली गावात, १९१४ च्या सुमारास झाला. वडील अब्दुल्ला खान त्याच क्लबात मुख्य स्टुअर्ड होते. हाशिम अकरा वर्षांचा असताना ते मोटार अपघातात गेले. शाळा सुटली, आणि चेंडू आणून देणं हीच रोजीरोटी झाली. पुढं १९४२ मध्ये हवाई दलाच्या अधिकाऱ्यांना स्क्वॉश शिकवण्याचं काम मिळालं.

त्याच्या कर्तृत्वाचा पहिला पुरावा आपल्या मुंबईनं पाहिला. १९४४ मध्ये इथं झालेली अखिल भारतीय स्पर्धा त्यानं जिंकली, आणि पुढची दोन वर्षंही हे अजिंक्यपद राखलं. या काळात अब्दुल बारी हा त्याचा नातलगच त्याचा तोलामोलाचा प्रतिस्पर्धी होता. मग फाळणी झाली. बारी भारतात राहिला, हाशिम पाकिस्तानात. एका घराण्याचा खेळ दोन देशांत वाटला गेला.

१९५० मध्ये बारीनं ब्रिटिश ओपनची अंतिम फेरी गाठली. तिथं इजिप्तच्या महमूद करीमनं त्याला हरवलं, पण ती बातमी पेशावरला पोचली तेव्हा हाशिमच्या मनात काय आलं असेल, हे सांगायला नको. ज्याला आपण हरवलं तो तिथवर गेला. मग आपण का नाही? प्रश्न साधा होता, पण उत्तराला पैसा हवा होता. वय छत्तीसच्या आसपास. या वयात खेळाडू रॅकेट खुंटीला टांगतात. अखेर पाकिस्तानच्या हवाई दलानं पाठबळ दिलं आणि १९५१ मध्ये हा बुटका, टक्कल पडू लागलेला प्रशिक्षक इंग्लंडला निघाला.

अंतिम सामन्यात समोर तोच करीम. नजाकतीचा, नेमक्या फटक्यांचा बादशहा. हाशिमनं त्याला ९-५, ९-०, ९-० असं धुऊन काढलं. करीमनं कोपऱ्यात टाकलेला चेंडू संपला असं वाटावं, तोवर हाशिम तिथं हजर! उघड्या कोर्टात अनवाणी धावून कमावलेला तो वेग होता.

१९५१ ते १९५६ सलग सहा वेळा, आणि १९५८ मध्ये सातव्यांदा, त्यानं ब्रिटिश ओपन जिंकली. मधलं १९५७ चं वर्ष रोशन खाननं पटकावलं. टेनिस शिकवणाऱ्या धाकट्या भावाला, आझमला, हाशिमनंच स्क्वॉशमध्ये आणलं. त्यानं १९५९ पासून सलग चारदा हा मान मिळवला. १९६३ मध्ये भाचा मोहिबुल्ला जिंकला. सलग तेरा वर्षं एकाच गोतावळ्याची सत्ता! पुढं रोशनच्या मुलानं, जहांगीरनं, दहा वेळा ही स्पर्धा जिंकून हा वारसा कळसाला नेला.

साठच्या दशकात हाशिम अमेरिकेत गेला. आधी डेट्रॉईट, मग डेन्व्हर. तिथंही तो शिकवतच राहिला. मुलगा शरीफ उत्तर अमेरिकेचा बारा वेळा विजेता झाला. १८ ऑगस्ट २०१४ रोजी कोलोरॅडोत, शंभरीच्या उंबरठ्यावर, हाशिमनं जगाचा निरोप घेतला.

त्याच्या यशात कष्ट होते, घराणं होतं. पण एक गोष्ट बोचते. १९४४ मध्ये मुंबईत जिंकणारा खेळाडू १९५१ पर्यंत जगाला ठाऊक नव्हता. उमेदीची सगळी वर्षं तो दुसऱ्यांना खेळ शिकवत होता. विसाव्या वर्षी त्याला तिकीट मिळालं असतं तर? आणि ज्यांना ते कधीच मिळालं नाही, अशी किती मुलं त्या भिंतीवर बसून राहिली असतील?